‘अध्यक्ष महाराज’च्या पुढचं वाक्य

१ ऑगस्ट १९६४. लोकमान्यांची पुण्यतिथी. त्या दिवशी बेळगावात पाऊस नसेल तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, तसा तो होताच. शाळेच्या लांबट हॉलमध्ये कौलांवरचा आवाज, ओल्या सदऱ्यांचा वास, टेबलावर टिळकांची तसबीर. मी आठवीत. वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर अकरावा. वडिलांनी चार पानी भाषण लिहून दिलं होतं आणि आठ दिवस आरशापुढं उभं राहून मी ते घोकलं होतं. व्यासपीठावर गेलो, हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधुभगिनींनो..."

आणि पुढचं गेलं. चारच्या चार पानं गेली. डोळ्यांपुढं वडिलांचं अक्षर दिसत होतं पण वाचता येत नव्हतं. पुन्हा म्हणालो, "अध्यक्ष महाराज..." मुलं हसायला लागली. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा परीक्षक म्हणून बसलेले एक गुरुजी म्हणाले, "अध्यक्षांना ऐकू आलं रे बाबा, आता टिळकांविषयी काही आहे काय?" हॉल कोसळला. मी खाली उतरलो. त्यानंतर किती तरी वर्षं गल्लीत मला ‘अध्यक्ष महाराज’ अशीच हाक होती. परवा एका लग्नात सत्तरीतल्या एका वर्गमित्राने त्याच नावानं हाक मारली तेव्हा बायकोनं विचारलं, "तुम्ही कशाचे अध्यक्ष होता हो?"

म्हणून आज लिहायला बसलोय. बेळगावच्या भाषणांविषयी पुष्कळांनी लिहिलंय, ते व्यासपीठाच्या बाजूनं. मी खालच्या बाजूनं लिहितो. ज्याला बोलता येत नव्हतं त्याच्या बाजूनं.

आमच्या गावाला व्यासपीठ फार मोठं मिळालं. ज्या टिळकांविषयी मला चार पानं आठवली नाहीत, त्यांनी होमरूल लीग स्थापन केली ती इथं, एप्रिल १९१६ मध्ये, मुंबई प्रांतिक परिषदेच्या वेळी. आणि १ मे १९१६ ला बेळगावात स्वराज्यावर मराठीत भाषण केलं. मग ३१ मे आणि १ जूनला अहमदनगरला दोन भाषणं. सरकारी लघुलेखक ती टिपून घेत होते. त्या तीन भाषणांवरून सरकारनं खटला केला. २३ जुलैला टिळकांचा साठावा वाढदिवस. त्या दिवशी लोकांनी त्यांना लाख रुपयांची थैली दिली आणि त्याच दिवशी सरकारची नोटीसही आली. चांगल्या वर्तनाबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन. आमच्यासारख्या बँकवाल्याला हा हिशेब लगेच डोळ्यांत भरतो. बोलण्याला तारण मागितलं होतं! त्या काळचे वीस हजार, म्हणजे सरकारच्या लेखी ते भाषण किती जड होतं बघा. टिळकांच्या बाजूनं हायकोर्टात जीना उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. त्यांनी एकेक वाक्य सुटं काढून तोललं नाही. सगळं भाषण सलग वाचून त्याचा ऐकणाऱ्यावर एकूण परिणाम काय होतो ते पाहिलं.

ही गोष्ट मला फार पुढं कळली, आणि तेव्हा मनात आलं की शाळेत आम्हाला हे कुणी का सांगितलं नाही. टिळकांचा आवाज गोड नव्हता, भाषेत नटवेपणा नव्हता, असंच त्यांना ऐकलेले लोक लिहून गेलेत. वकील अशिलाला समजावतो तसं ते बोलत. आम्हाला मात्र शाळेत टिळकांवर बोलताना मूठ आवळायला, डोळे वटारायला आणि शेवटच्या वाक्याला आवाज टिपेला न्यायला शिकवलं जाई.

ती टीप कुठून आली ते मला माझ्या दुसऱ्या शाळेत कळलं. दुसरी शाळा म्हणजे आमच्या वाड्याची माडी, आणि गुरुजी म्हणजे शेजारचे आबा.

आबा तेव्हा पासष्टीचे असतील. तरुणपणी नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. कंपनी बुडाल्यावर गावात येऊन त्यांनी वह्या-पेन्सिलींचं बारकं दुकान काढलं. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेला दांडी मारून माडीवर बसलो होतो. आबा वर आले आणि म्हणाले, "काय रे, रडालास काय?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "प्रॉम्प्टर नव्हता की तुझ्याकडं. आमच्या कंपनीत चाळीस वर्षांचे नट सुद्धा वाक्य विसरायचे. प्रेक्षकांना कळत नव्हतं एवढंच. तू काय वेगळा केलास?"

आता बेळगाव आणि नाटक हा एक स्वतंत्र विषय आहे, त्यात मी शिरत नाही. पण एवढं सांगायला पाहिजे की अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म आपल्या जिल्ह्यातला, गुर्लहोसूरचा. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ उभं करण्याच्या कितीतरी आधी, १८६६ साली त्यांनी बेळगावात ‘भारतशास्त्रोत्तेजक मंडळी’ काढली होती. गोविंद बल्लाळ देवल इथंच शिकले, इथंच मास्तरकी केली, आणि पुढं तालीम मास्तर म्हणून त्यांचा दबदबा झाला. आबांनी देवलांना पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या मालकांनी पाहिलं होतं, आणि तेवढ्या नात्यावर आबा "आमचे देवल" म्हणत. त्यांचं म्हणणं असं की माईक नव्हता तेव्हा नटाला शेवटच्या पिटापर्यंत आवाज पोचवायचा असे, म्हणून स्वर उंच ठेवायचा आणि शब्द लांबवायचा. तेच शाळांनी उचललं. "आता भोंगा आलाय, तरी पोरं पिटातल्या माणसाला हाक मारल्यागत बोलतात," म्हणायचे.

आबांनी मला दोन वर्षं शिकवलं. फी म्हणून रोज एक तांब्या पाणी माडीवर आणून ठेवायचं. त्यांनी पहिले तीन महिने मला भाषण म्हणून करू दिलं नाही. पहिलं काम श्वासाचं. उताणं झोपायचं, पोटावर वही ठेवायची, वही वर गेली पाहिजे, छाती नाही. मग उभं राहून तेच. मग ‘मनाचे श्लोक’. वृत्त भुजंगप्रयात, एका ओळीत बारा अक्षरं. सुरुवातीला एका श्वासात एक ओळ. महिन्याभरानं दोन. दिवाळीपर्यंत मी अख्खा श्लोक, म्हणजे अठ्ठेचाळीस अक्षरं एका श्वासात म्हणत होतो, आणि शेवटच्या अक्षराला दम उरत होता. आबांचा कटाक्ष त्या शेवटच्या अक्षरावर. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आणि दम संपला की नेमकं तेच गिळलं जातं. ‘देणार’ की ‘देणार नाही’ हे मागच्या माणसाला कळतच नाही. पुढं बँकेत कर्जाच्या बाबतीत ह्या एका गोष्टीनं किती भांडणं झालेली मी पाहिली, ते वेगळंच.

दुसरं काम वाचनाचं. रोज ‘तरुण भारत’चा अग्रलेख मोठ्यानं वाचायचा. बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली काढलेला हा पेपर आमच्या घरी वडिलांच्या आधी कुणी उघडायचा नाही, म्हणून मला आदल्या दिवशीचा मिळे. आबा दुकानात खाली बसून ऐकत. मी माडीवर. मध्ये जिना आणि एक दार. एखादा शब्द कळला नाही तर ते काठीनं छताला टोचत. ओरडायचं नाही, हा नियम. मग ऐकू जाणार कसं? तर ओठ आणि जीभ हलवायची, व्यंजनं नीट फोडायची. "आवाज स्वरानं मोठा होतो, पण कळतो व्यंजनानं," हे त्यांचं वाक्य मी पुढं पुष्कळ ठिकाणी माझंच म्हणून खपवलंय. घसा खाकरायचा नाही, त्यानं तो आणखी खरवडतो. आवंढा गिळायचा किंवा घोटभर कोमट पाणी. बोलण्याआधी दूध-दही नको, ज्येष्ठमध चालेल. आणि बोलायला उभं राहिल्यावर आधी शेवटच्या रांगेतला एक माणूस शोधायचा आणि पहिलं वाक्य त्याला सांगायचं. अध्यक्षांना नाही. "अध्यक्ष पळून जात न्हाई रे. मागचा जातो."

घरात मला हे सगळं जमायला लागलं. बाहेर मात्र नाही. घसा तयार झाला होता, मी झालो नव्हतो.

त्याला आणखी एक कारण होतं, ते आपल्या भागातल्या लोकांना सांगायची गरज नाही, पण नव्या पिढीसाठी लिहितो. आपली मराठी. वाक्याच्या शेवटी ‘की’ आणि ‘बघ’, कन्नडचा हेल, ‘मी काम केलो’, ‘मी पेपर वाचलो’. घरात ती आईच्या हातच्या भाकरीसारखी, पण व्यासपीठावर गेलं की तिची लाज वाटायची. बाहेरून परीक्षक आले की ते मान तिरकी करून ऐकत आणि मग गोड हसत. ते हसू मला त्या गुरुजींच्या टोमण्यापेक्षा जास्त लागे. एका बाजूला मे १९४६ मध्ये ह्याच गावात, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. माझे वडील तिथं स्वयंसेवक म्हणून पाणी वाटत होते आणि ते घरी कौतुकानं सांगत. १९२९ च्या इथल्या संमेलनाचे अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे होते, ‘काळ’कर्ते, ज्यांच्या वक्रोक्तीला सरकार घाबरायचं. मराठीसाठी एवढं सगळं झालेलं गाव, आणि त्या गावातल्या पोरानं तोंड उघडलं की "तुम्ही कर्नाटकातले का?" म्हणून विचारणार. म्हणजे बोलायचं तरी कुठल्या तोंडानं?

मग १९७१.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. १७ जानेवारी म्हणजे सीमाभागात हुतात्मा दिन, १९५६ च्या गोळीबाराची आठवण. त्या वर्षी बॅरिस्टर नाथ पै आले होते. वेंगुर्ल्याचे, राजापूर मतदारसंघातून तीनदा लोकसभेवर गेलेले. गोलकनाथ निकालानंतर संसदेच्या घटनादुरुस्तीच्या हक्कासाठी त्यांनी आणलेलं विधेयक आम्हाला कॉलेजात वादविवादाला असायचं. इंग्रजी, मराठी, संस्कृत, तिन्हींत अडखळायचे नाहीत. आम्ही दोघं मित्र सायकली घेऊन गेलो आणि पार मागं, सायकलीवर बसूनच ऐकत होतो.

खरं सांगतो, ते काय बोलले ते मला आज आठवत नाही. त्यांची वाक्यं म्हणून लोक जी सांगतात त्यातली किती त्या दिवशीची आणि किती नंतर ऐकलेली, हे मी सांगू शकत नाही. मला आठवतंय ते थांबणं. मैदानात लांब लांब भोंगे लावलेले असले की आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो. आवाजाला शंभर मीटर जायला सेकंदाचा सुमारे तिसरा भाग लागतो. तेवढ्यात बोलणारा पुढच्या शब्दावर गेलेला असतो आणि मागचा शब्द येऊन त्याच्या पायात अडकतो. नवखा माणूस तिथं गडबडतो आणि आणखी जोरात ओरडतो. नाथ पै शब्द सोडत, तो भोंग्यातून फिरून परत येईपर्यंत थांबत, आणि मग पुढचा सोडत. एवढ्या मागं बसलेल्या मला वाटत होतं की ते माझ्यासाठी थांबलेत. आबांची शेवटची रांग मला तिथं समजली. मी शेवटच्या रांगेतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत बातमी आली. नाथ पै गेले. बेळगावातच, हृदयविकारानं. वय ४८.

त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पंधरावीस माणसं जमली. कुणी बोलावलं नव्हतं. एकदोघं वडीलधारे बोलले. मग कुणीतरी म्हणालं, "हा काल गेलता की सभेला. बोल रे दोन शब्द. कॉलेजात जातोस." मी पुढं झालो. श्वास पोटात घेतला, सगळं आबांनी सांगितल्यासारखं. शेवटच्या रांगेत कापडाच्या दुकानातले एक गडी उभे होते, त्यांच्याकडं बघितलं. आणि तोंडातून आलं, "अध्यक्ष महाराज..."

तिथं अध्यक्ष कुठला? गल्लीचं तोंड, नळाचा कट्टा, आणि सगळी रडवेली माणसं. मी तसाच उभा. ह्या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कोपऱ्यावर भाजी विकणारी एक म्हातारी होती, तीच शेवटी म्हणाली, "बस बाळ. कळ्ळं आम्हाला." मी बसलो. आबा तिथंच उभे होते. त्यांनी पुढं कधी त्या संध्याकाळचा विषय काढला नाही आणि मीही माडीवर जायचं बंद केलं.

१९७३ ला बँकेत लागलो. खातेवहीला आवाज लागत नाही, हे मला फार सोयीचं वाटलं. बदल्या झाल्या, प्रमोशनं झाली. मुलाखतीत माझं बोलणं बघून एका साहेबांनी शेरा मारल्याचं नंतर कळलं, ‘कामात चोख, मांडणीत कच्चा’. खोटं नव्हतं.

ह्याच काळात एकदा गांधीजींचं आत्मचरित्र हाताशी आलं. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला भरलं आणि गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं, हे आपल्याकडं शेंबडं पोर सांगतं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आम्ही लहानपणापासून बघतोय. त्याच अधिवेशनात अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल स्वागतगीत गायल्या. पुढं घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज जाड, भरदार झाला आणि त्याच आवाजानं त्या मोठ्या झाल्या. पण आत्मचरित्रातलं जे मला माहीत नव्हतं ते असं, की हेच गांधीजी बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या कोर्टात एका छोट्या दाव्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. फी घेतली होती ३० रुपये. ती परत करून बाहेर पडले. विलायतेत शाकाहारी मंडळींच्या सभेत तर लिहून नेलेलं सुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं होतं. त्यांनी पुढं म्हटलंय की ह्या बुजरेपणानं त्यांना शब्द मोजून वापरायला शिकवलं. वाचून मला धीर आला असं म्हणायला पाहिजे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की फी परत केली, म्हणजे व्यवहार चोख ठेवला!

१९९० साल. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावी शाखाप्रमुख होतो. अर्धं गाव मराठी, अर्धं कन्नड. त्या वर्षी केंद्र सरकारनं शेतकऱ्यांच्या दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकबाकीला माफी जाहीर केली. पेपरात मथळा ‘कर्जमाफी’ एवढाच आणि अटी आमच्याकडच्या सर्क्युलरात. ऐपत असून मुद्दाम न भरणारे त्यातून बाहेर. ज्यांनी वेळेवर भरलं त्यांचा तर प्रश्नच नाही, कारण त्यांची थकबाकीच नव्हती. गावात तीन दिवस आधीच कुणीतरी उठवलं की मॅनेजर यादीत आपल्या माणसांची नावं घालालाय. चौथ्या दिवशी सकाळी शाखेपुढं दोनशे माणूस. वरच्या साहेबांना ट्रंक कॉल लावला तर म्हणाले, "समजावून सांगा."

गणपती मंडळाचा माईक आणला. तो लावेपर्यंत वीज गेली. हे आता विनोदी वाटतं, पण त्या वेळी माझे पाय लटपटत होते. पुढचे दोघं-तिघं दारूच्या वासाचे होते आणि शिपाई मला कानात सांगत होता की मागच्या दारानं चला.

मी मागच्या दारानं का गेलो नाही ह्याचं कारण आजही मला नीट सांगता येत नाही. पायरीवर उभा राहिलो. पाठीमागं शाखेची भिंत होती. आबा म्हणायचे, पाठीशी भिंत ठेव, अर्धं काम ती करते. पोटात श्वास घेतला. ओरडणाऱ्या गर्दीपुढं आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. पहिल्यांदा म्हणालो, "बसा. कुंदर्री." नुसतं तेवढंच, तीन-चार वेळा, दोन्ही भाषांत, साध्या आवाजात. पुढची रांग बसली. पुढची बसली की मागच्यांना तुम्ही दिसता, आणि दिसला की माणूस थोडा ऐकतो. शेवटी चिंचेखाली बैलगाडीला टेकून एक म्हातारा उभा होता. त्याच्याकडं बघून बोललो. ‘अध्यक्ष महाराज’ आलं नाही. ‘बंधुभगिनींनो’ आलं नाही. म्हणालो, "यादी मी केलो नाही. यादीत कोण बसतो ते दिल्लीनं ठरवलंय. कागद माझ्या हातात आहे, तो मी वाचतो. कळला नाही तर हात वर करा." ‘मी केलो नाही’. बँकेच्या पायरीवर, हापिसच्या कामात, माझ्या तोंडून घरची मराठी आली आणि ते मला त्या क्षणी कळलं सुद्धा नाही. प्रत्येक अट एकदा मराठीत, एकदा माझ्या मोडक्या कन्नडमध्ये. वाक्य लहान. क्रियापद गिळायचं नाही.

पाऊण तास गेला. मग चिंचेखालचा तो म्हातारा बोलला. "साहेब, मी म्हैस विकून तुमचं भरलो. गेल्या मार्चात. आता मी शहाणा की येडा, तेवढं सांगा."

दोनशे माणसं गप्प झाली. सर्क्युलरमध्ये ह्याचं उत्तर नव्हतं. पूर्वीचा मी असतो तर ‘शासनाचे धोरण’ वगैरे काहीतरी पुटपुटलो असतो. मी थांबलो. बराच वेळ थांबलो असणार, कारण शिपाई नंतर म्हणाला की त्याला वाटलं साहेबांना चक्कर आली. मग म्हणालो, "तुमचं नुकसान झालंय. तुमच्यावर अन्याय झालाय. ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमचं पुढच्या हंगामाचं कर्ज मी अर्ज दिल्या दिवशी मंजूर करीन, तेवढं माझ्या हातात आहे." म्हातारा काही बोलला नाही. टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. लोक उठायला लागले. भांडण झालं नाही. सगळं गोड झालं असंही नाही. ज्यांना माफी मिळाली नाही त्यातल्या काहींनी पुढं दोन वर्षं शाखेत पाऊल टाकलं नाही, आणि वेळेवर भरणारे बरेचजण त्यानंतर वेळेवर भरेनासे झाले. म्हातारा मात्र जूनमध्ये आला. त्याच दिवशी मंजूर केलं.

त्या रविवारी बेळगावला येऊन आबांच्या घरी गेलो. आबा जाऊन चौदा वर्षं झाली होती, हे मला माहीत होतंच. त्यांच्या सुनेनं चहा दिला. माडीवर जाऊन येतो म्हणालो तर म्हणाली, "तिथं आता भाडेकरू आहेत."

निवृत्तीनंतर शनिवारी दुपारी आमच्या घरी पाचसहा मुलं येतात. क्लास वगैरे नाही. पोटावर वही, मनाचे श्लोक, आणि मोठ्यानं पेपर वाचणं. काठी मात्र मी ठेवलेली नाही. माईक कसा धरायचा तेही सांगतो, तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर भोंग्यात जात नाही.

त्यातली एक सातवीतली मुलगी दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत उभी राहिली. छान बोलत होती. मध्ये म्हणाली, "मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो." आपल्याकडं बायका-मुली ‘मी जातो’, ‘मी सांगतो’ असंच म्हणतात, माझी आई आयुष्यभर तसंच बोलली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिथंच थांबवलं. "सांगतो की सांगते? तू मुलगी ना?" हॉल हसला. मी मागं बसलो होतो. साठ वर्षांपूर्वीचा कौलांवरचा पाऊस मला ऐकू आला. मुलगी मात्र भाषण पुरं करून उतरली. नंतर रिक्षात रडली.

पुढच्या शनिवारी तिनं विचारलं, "आजोबा, ‘सांगतो’ म्हणू की ‘सांगते’?" मी म्हणालो, मार्क पाहिजेत तर ‘सांगते’ म्हण, दोन्ही मराठीच आहे. ती म्हणाली, "आणि आजीला सांगताना?" आजीला सांगताना ‘सांगतो’.

यंदाच्या १ ऑगस्टला ती पुन्हा उभी राहिली. विषय टिळकांचं १९१६ चं बेळगावचं भाषण, माझ्याकडूनच घेतलेला. ‘अध्यक्ष महाराज’ म्हणालीच नाही. माईकपासून वीतभर मागं सरकली आणि पहिल्यांदा विचारलं, "मागं ऐकू येतंय काय हो?" शेवटच्या रांगेत कुणाचे तरी आजोबा बसले होते, त्यांनी हात वर केला. मग तिनं वीस हजारांच्या जामिनापासून सुरुवात केली. तिसरा नंबर आला. ‘संबोधन नाही’ म्हणून दोन मार्क कापले होते. घरी येऊन आम्ही कुंदा खाल्ला.

एक विनंती. १७ जानेवारी १९७१ च्या त्या सभेला हजर असलेलं कुणी हे वाचत असेल तर, काय ऐकलं ते राहू द्या, तुम्ही नक्की कुठं उभे होतात तेवढं लिहा. मी सायकलीवर होतो, अगदी मागं, डाव्या हाताला. माझ्या शेजारचा मित्र आता नाही, आणि तिथून आवाज स्पष्ट येत होता हे सांगणारा माझ्याशिवाय दुसरा कुणीतरी मला पाहिजे आहे.